बिनवळणाचे झाड

दोन रोपांपैकी उंच रोप एल्बियोने स्वतःकडे ओढले आणि बुटके बायकोकडे सरकवले. यात आपण काही आपमतलबीपणा करतो आहोत असे त्याला मुळीच वाटले नाही. ज्याची छत्तीस वर्षे विजेच्या खांबांवर चढण्यात गेली, त्याला उंचीची ओढ असायचीच.

"हे माझं. ते तुझं," तो म्हणाला.

"का? मला उंच नको, हे कुणी ठरवलं?" निबियाने विचारले.

"तुला उंच देऊन उपयोग काय? तू त्याला खालीच वाकवणार. बुटक्याला निदान सवय तरी असेल."

निबिया वाकवणार होतीच. सान्ता लुसिया गावातल्या अर्ध्या बायकांचे केस तिने तीस वर्षे कापले, रंगवले, गुंडाळले होते. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा घराच्या पुढच्या खोलीतले तिचे दुकान बंद झाले, पण बोटे काही निवृत्त व्हायला तयार नव्हती. गांजाच्या फुलांपासून गुडघ्यांना चोळायचे मलम घरीच करता येते असे कळल्यावर दोघांनी कायद्याप्रमाणे पोस्टात जाऊन रीतसर नोंदणी केली आणि परसात कुंड्या मांडल्या. पहिल्या वर्षी झाडे आपली आपण वाढली. दुसऱ्या वर्षी निबिया स्टूल घेऊन झाडासमोर बसली, शेंडा हलकेच वाकवला आणि केसांच्या चिमट्याने कुंडीच्या काठाला अडकवला. मग बाजूच्या फांद्या धरल्या. रोज थोडेथोडे, कुठे काही न मोडता. महिन्याभरात झाड परातीसारखे पसरले.

एल्बियोला ते बघवेना.

"हातपाय बांधून ठेवलेस की गं बिचाऱ्याचे! वाढू दे ना त्याला त्याच्या मनानं."

"त्याच्या मनानं वाढलं की सगळी ताकद शेंड्यात जाते. खालच्या फांद्या उपाशी. मी छळत नाहीये, वळण लावतेय."

"वळण पोरांना लावतात."

"पोराला लावू दिलं असतंस तर तो आज मोन्तेविदेओत ढोल बडवत बसला नसता."

हे भांडण दोन वर्षे चालले होते. यंदा त्याचा सोक्षमोक्ष लावायचे ठरले. एकाच पाकिटातले बी, एकच माती, एकसारख्या कुंड्या, एकच भिंत. निबियाने आपले झाड वाकवायचे, बांधायचे. एल्बियोने आपल्याला पाण्याखेरीज बोटसुद्धा लावायचे नाही. मार्चअखेर ज्याची फुले वजनाला जास्त, त्याचे म्हणणे कायमचे खरे. आजवर ते औषधांच्या दुकानवाल्या मिल्टनकडून फांदी आणून लावत, आळीतले सगळेच लावत. पण एल्बियोला यंदा फांदी नको होती. "जन्मापासून मोकळं पाहिजे. फांदी म्हणजे आधीच कापाकापी," असे म्हणून त्याने दुराझ्नोमधल्या एका जुन्या सहकाऱ्याकडून बियांचे पाकीट मागवले होते.

ऐन उन्हाळ्यात, म्हणजे तिकडच्या नाताळच्या सुमारास, एल्बियोचे झाड भिंतीला लागले. नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात ते भिंतीवरून डोकावू लागले. निबियाचे मात्र जमिनीपासून दोन वितींवर आडवे पसरले होते. लांबून पाहणाऱ्याला कुणी पालेभाजी वाळत घातली आहे असे वाटावे. एल्बियो रोज सकाळी माते नावाच्या कडवट चहाचा पेला हातात घेऊन आपल्या झाडापुढे उभा राही आणि मान मागे टाकून वर बघे. त्याला वरचे धड दिसत नसे, कारण चष्मा लावणे त्याला कमीपणाचे वाटे. पण उंची दिसायला चष्मा लागत नाही.

जानेवारीच्या शेवटी एके सकाळी त्याच्या घशातून एक चीत्कार निघाला.

"निबिया! फुलं! निबिया, फुलं आली!"

निबिया पीठ माखलेल्या हातांनी बाहेर आली. "इतक्यात?"

"इतक्यात! तुझ्या झाडाला साधी कळी तरी आहे का? बघ, मोकळं सोडलं की काय होतं ते बघ!"

निबियाने डोळ्यांवर हात धरून वर पाहिले. पानांच्या बेचक्यांत हिरव्या मण्यांचे घोस लटकत होते. तिला ते बरे दिसले नाहीत.

"ही कसली रे फुलं? लोंबतायत. मागच्या वर्षी पांढऱ्या केसांसारखी होती."

"तुला केसांशिवाय दुसरं काही सुचतं का?" एल्बियो म्हणाला. "आणि माझ्या झाडाजवळ येऊ नकोस. तुझी सावली पडली तरी ते वाकायचं."

निबिया आत गेली आणि मळलेल्या पिठाला तिने गरजेपेक्षा बरेच गुद्दे घातले. एल्बियो तसाच सपाता घालून क्लबात गेला. क्लब म्हणजे आळीच्या टोकाला पत्र्याखालची मातीची लांबट पट्टी. तिथे दुपारभर म्हातारे लाकडी गोळे घरंगळवत आणि जगाच्या चुका काढत. अध्यक्ष होते दोन हुवेनाल (हे 'दोन' म्हणजे आकडा नव्हे, मानाने लावायचे 'राव'), निवृत्त खाटीक, आवाज बैलाचा आणि मन कोकराचे. त्यांच्या परसात सहा झाडे होती आणि सहांनाही नावे होती.

"आली म्हणता फुलं?" दोन हुवेनाल खट्टू होऊन म्हणाले. "माझ्या एकीलाही नाही हो अजून."

"बांधता ना तुम्ही? मग कशी येणार!" एल्बियो म्हणाला. निबियाचे पाहून दोन हुवेनालनीही दोन फांद्या बांधल्या होत्या. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी त्या सोडल्या, आणि आपल्या मुलींची माफी मागितली.

फुले खरीच आली आहेत का, हे पारखू शकणारा माणूस आळीत एकच होता, मिल्टन. आणि मिल्टन दुकानाला कुलूप लावून बायकोसह समुद्रावर गेला होता, तो कार्निव्हल आटोपल्यावर यायचा होता.

फेब्रुवारीत वारा सुटला. निबियाच्या वाळत घातलेल्या चादरींवर पिवळसर धूळ बसू लागली. ती चादरी झटकायची, पुन्हा धुवायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "नगरपालिका रस्ता खणतेय ना, त्याची माती," एल्बियो म्हणाला. रस्ता खणत होते तो चार आळ्या पलीकडे, आणि तिथली माती तांबडी होती. पण या दोन गोष्टींवर विचार करण्याइतका वेळ एल्बियोला नव्हता. तो येणाऱ्या-जाणाऱ्यांना भिंतीवरून आपला शेंडा दाखवत होता.

मग एका दुपारी निबिया नेहमीप्रमाणे स्टुलावर बसून आपल्या झाडाच्या फांद्या विंचरल्यासारख्या हाताखालून घालत होती. आता तिच्याही झाडाला छान पांढरी केसाळ फुले धरली होती. अचानक तिची बोटे थबकली. तीस वर्षे शाळकरी पोरींची डोकी तपासलेली बोटे ती. तिने अंगठा आणि तर्जनी यांत काहीतरी धरले, नखावर ठेवले आणि चिरडले. टच्च आवाज आला.

"एल्बियो!" ती किंचाळली. "अरे, हिच्या डोक्यात लिखा!"

एल्बियो पळत आला. तिने दुसरे फूल उकलून दाखवले. आत कोवळे, फिकट, गोल बी. तिसऱ्यातही बी. चौथ्यात तीन.

"बी धरलंय," एल्बियो म्हणाला. फुलात बी धरले की झाडाचा सगळा कस बीमध्ये जातो, हे त्यालाही माहीत होते. मलमाला उरतो तो चोथा.

"माझं मलम गेलं," निबिया म्हणाली. ती रडली नाही. स्टुलावर बसल्या बसल्या तिने दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवले.

तिला बरे वाटावे असे एखादे वाक्य बोलण्याची ती वेळ होती. एल्बियोही एक वाक्य बोलला, पण ते दुसरेच होते. "बघ," तो म्हणाला, "म्हणून म्हणत होतो, बांधू नकोस."

तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारणीची, सुल्माची, हाक आली. "निबिया! अगं, जरा येतेस का? माझ्या झाडाला काहीतरी पुरळ उठलंय." ती हाक संपते न संपते तोच रस्त्यापलीकडून एक दीर्घ हंबरडा आला. दोन हुवेनालनी पहिल्या मुलीचे फूल उकलले होते. संध्याकाळपर्यंत असे पाच हंबरडे अजून आले.

दुसऱ्या दिवशी क्लबात इतकी गर्दी झाली की गोळ्यांच्या पट्टीवर खुर्च्या मांडाव्या लागल्या. बत्तीस घरांपैकी एकोणीस घरांत बी सापडले होते. मिल्टन आदल्याच दिवशी समुद्रावरून परतला होता. नाकाची सालपटे निघालेल्या अवस्थेत त्याला धरून आणण्यात आले.

"सोपी गोष्ट आहे," मिल्टन म्हणाला. "मादीला बी धरायला नर लागतो. माझ्या फांद्या सगळ्या मादीच्या. म्हणजे आळीत कुठेतरी कुणीतरी नर वाढवलाय."

खुर्च्या करकरल्या. प्रत्येकाने शेजाऱ्याकडे पाहिले.

"किंवा," मिल्टन पुढे म्हणाला, "कधी कधी मादीचा फार छळ झाला, तर तिच्यावरच थोडी नराची फुलं येतात. क्वचित होतं, पण होतं."

एल्बियो ताडकन उठला. "छळ! ऐकलंत? मी दोन वर्षं काय सांगतोय? झाडाला वाकवता, बांधता, ताणता, मग ते काय करील? डोकं फिरणारच त्याचं! आळीत कोण कोण बांधतं ते शोधा, चोर तिथेच सापडेल!"

टाळ्या पडल्या. एल्बियोला पहिल्यांदाच क्लबात टाळ्या पडल्या होत्या, त्यामुळे तो आणखी थोडा बोलला. तो बोलत असताना माना एकेक करून मागच्या रांगेकडे वळत होत्या. तिथे निबिया बसली होती, मांडीवर सगळ्यांसाठी तळून आणलेल्या तोर्तास फ्रितासचा, म्हणजे जाड पुऱ्यांचा, डबा. आळीला बांधायला शिकवले कुणी, हे सगळ्यांना ठाऊक होते. एल्बियोला ते जरा उशिरा आठवले, पण तोवर तो शिक्षेपर्यंत पोचला होता.

"आणि जो कोणी सापडेल," तो म्हणत होता, "त्यानं एकोणीस घरांतल्या फुलांतलं बी हातानं वेचून द्यायचं! एक अन् एक! मग वर्ष लागो!"

ठराव एकमताने मंजूर झाला. तपास समिती नेमली गेली. अध्यक्ष एल्बियो, जाणकार मिल्टन, साक्षीला दोन हुवेनाल.

निबियाने डब्याचे झाकण लावले. एकही तोर्ता कुणाला न देता ती घरी निघाली.

पुढचे चार दिवस एल्बियो असा वागला की विजेच्या खात्यात त्याला साहेब का केले नव्हते ते सगळ्यांना कळले. तो परसात शिरे, फांदीला दोरी दिसली की भुवया चढवे, आणि वहीत मोठ्या अक्षरांत 'बांधलेले' असे लिही. सुल्माच्या झाडाला त्याने "कैदी" म्हटले. एका निवृत्त शिक्षकाला "तुम्ही पोरांनाही असंच करत होता का?" असे विचारले. मिल्टन भिंगातून फुले बघे आणि दर वेळी मान हलवे. "इथं नाही. बी धरलंय, पण नर नाही."

चौथ्या दिवशी यादीत एकच घर उरले.

"माझं राहिलंय," निबियाने जेवताना सांगितले. चार दिवसांतले तिचे हे पहिलेच वाक्य होते.

"राहू दे गं. घरचंच आहे."

"घरचं म्हणून राहू दे? आळीभर माझं नाव झालंय. सुल्मा काल भिंतीपलीकडून हळू आवाजात विचारत होती, 'निबिया, तू नक्की किती ताणलंस गं?' आण तुझ्या समितीला. आजच."

समिती आली. निबिया स्वयंपाकघराच्या दारात हाताची घडी घालून उभी राहिली. मिल्टन तिच्या झाडापुढे गुडघ्यांवर बसला, टोपी काढून बाजूला ठेवली आणि भिंग लावून एकेक फांदी तपासू लागला. वीस मिनिटे गेली. एल्बियो हातातल्या वहीत 'बांधलेले' हा शब्द आधीच लिहून बसला होता, पण पेन्सिलीची टोके का कुणास ठाऊक मोडत होती.

"स्वच्छ आहे," मिल्टन शेवटी म्हणाला. "नराचं एकही फूल नाही. आणि बांधलंय किती सुंदर! एक फांदी दुखावलेली नाही. मी असं काम पाहिलेलं नाही, निबिया."

दोन हुवेनालनी घसा खाकरला. "मग नर आहे कुठे?"

तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली आणि मिल्टनच्या टकलावर काहीतरी भुरभुरले. त्याने हात फिरवला. तळवा पिवळा झाला. त्याने तळव्याकडे पाहिले, मग खांद्याकडे, मग मान हळूहळू मागे टाकत वर, आणखी वर पाहिले.

"एल्बियो," तो म्हणाला, "हे कुणाचं?"

"हे माझं! नैसर्गिक वाढ. तीन मीटर वीस. याला तपासायची गरज नाही, याला दोरा लागलेला नाही."

"हे फुललं कधी?"

"जानेवारीतच. आळीत सगळ्यात आधी!"

"सगळ्यात आधी," मिल्टन पुटपुटला. "नर आधीच फुलतो."

एल्बियो हसला. मग त्याचे हसणे तोंडावर तसेच राहिले आणि आतला माणूस निघून गेला. मिल्टनने फांदी वाकवून घोस त्याच्या नाकासमोर धरला, स्वतःचा चष्मा काढून त्याच्या डोळ्यांवर ठेवला. एल्बियोला आपले झाड पहिल्यांदाच स्पष्ट दिसले. लहान लहान पिवळ्या घंटा, शेकडो, उघड्या तोंडाच्या. मिल्टनने फांदी सोडली आणि पुन्हा एक पिवळा ढग उठून शांतपणे भिंतीपलीकडे, रस्त्याच्या दिशेने गेला.

"हा?" एल्बियो म्हणाला. "हा... हा बाप्या आहे?"

"बाप्या कसला," मिल्टन म्हणाला. "बाप आहे. आळीभरचा."

दोन हुवेनालना समजायला थोडा वेळ लागला. समजले तेव्हा त्यांनी दोन्ही हात छातीवर ठेवले. "माझ्या सहा," ते म्हणाले. "एल्बियो! सहाच्या सहा! आणि मी, गाढवासारखा, तुमच्याच सांगण्यावरून त्यांना मोकळं सोडलं!"

भिंतीवर सुल्माचे डोके केव्हा उगवले ते कुणाला कळले नाही. "वा रे न्याय!" ती म्हणाली. "आमची ती कैदी, आणि आपला तो बाब्या!"

एल्बियोने निबियाकडे पाहिले. ती ओरडेल, हसेल, निदान 'मी म्हटलं नव्हतं?' असे म्हणेल अशी त्याची अपेक्षा होती. ती नुसती आत गेली आणि तिने स्वयंपाकघराचे दार लावून घेतले. कडीचा आवाज मात्र झाला नाही. एल्बियोला वाटले, तिने आदळआपट केली असती तर बरे झाले असते.

त्याने झाड त्याच दुपारी तोडले. तोडताना उरलासुरला पिवळा ढग त्याच्याच अंगावर बसला, आणि तो तसाच, पिवळा, क्लबात गेला. सगळे जमलेले होतेच. सुल्मा असताना निरोप धाडावा लागत नाही. त्याने वही उघडली आणि समितीचा अहवाल उभ्याने वाचला. अठरा घरे, अठरा निर्दोष. एकोणिसावे घर, झाडे दोन, त्यांतले एक नर, मालक समितीचा अध्यक्ष. मग त्याने वही मिटली.

"निबियानं बांधलं म्हणून हे झालं नाही," तो म्हणाला. "मी बघितलं नाही म्हणून झालं. तिनं एकदा सांगितलं होतं. मी म्हणालो, तुला केसांशिवाय काही सुचत नाही. आणि इथं सगळ्यांसमोर मी तिला... म्हणजे नाव घेतलं नाही, पण..." त्याने बाहीवरची पिवळी धूळ झटकली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दोन हुवेनाल एवढेच म्हणाले, "उद्यापासून पोती पाठवतो."

पर्यटन सप्ताह, म्हणजे ईस्टरची सुट्टी, आला, झाडे कापली गेली, वाळली, आणि एल्बियोच्या घरी पिशव्या येऊ लागल्या. तो आता चष्मा लावून स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसे आणि तांदूळ निवडावेत तसे एकेक फूल उकलून बी वेची. मे गेला, जून गेला, थंडी पडली. बिस्किटांचे डबे बियांनी भरले. पहिले तीन आठवडे निबिया त्याच टेबलावर समोर बसून न बोलता जेवली. एके दिवशी तिने एक फूल उचलले, त्याच्या बोटांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "अरे, चिरडतोयस. असं धर." तिने ते कसे धरायचे ते दाखवले, मग दुसरे दाखवले, आणि संध्याकाळपर्यंत ती दाखवतच राहिली.

घराघरांनी वेचणावळ म्हणून मूठमूठ चुरा त्याच्याकडेच ठेवला. त्याचे मलम झाले. पातळ झाले, कस कमी होता, पण हिवाळा निघाला. एल्बियो रोज ते तिच्या गुडघ्यांना चोळी, आणि ती "जोरात नको" एवढेच म्हणे.

ऑक्टोबर उजाडला. मिल्टनकडे फांद्या मागायला बरेच जण गेले, पण त्याचीही झाडे बियांनी बरबटली होती. एल्बियोकडे बिस्किटांचे सात डबे पडून होते. लोकांनी नाक मुरडत तेच बी पेरले. पेरायला दुसरे होते काय? सुल्मा भिंतीवरून ओरडली, "काय व्याही, तुमची नातवंडं उगवली हो!" आणि ते नाव आळीत रूढ झाले. दोन हुवेनाल सोडून सगळे त्याला व्याही म्हणू लागले. दोन हुवेनाल त्याच्याशी बोलतच नव्हते.

एल्बियोने त्या वर्षी रोज सकाळी भिंग घेऊन आपल्या सगळ्या झाडांची तपासणी केली. नराची शंका आली की उपट. असे दोन त्याने जानेवारीत उपटले आणि चूर करून जाळले. बांधायचे काम निबियाकडे होते. तो फक्त दोरी धरायला उभा राही, आणि ती सांगेल तितकीच सोडी.

मग जानेवारीच्या मध्यावर गारपीट झाली. अर्ध्या तासात लिंबाएवढ्या गारांनी गावातली सगळी परसे झोडपली. स्टेशनकडच्या आळ्यांत एक झाड उभे राहिले नाही. पाऊस थांबल्यावर या आळीतले लोक बाहेर आले, आणि जिथल्या तिथे उभे राहिले. पाने फाटली होती, पण खोडे? खोडे खुंटासारखी उभी होती. जाड, चिवट, कुठे चीरसुद्धा नाही. बत्तीस घरांत एकही झाड मोडले नव्हते. लोक एकमेकांच्या परसात जाऊन खोडांना हात लावून बघत होते.

दोन दिवसांनी सकाळी एल्बियोच्या दारावर थाप पडली. दारात दोन हुवेनाल. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात घरी आटवलेल्या गोड दुधाची, दुल्से दे लेचेची, बरणी. एल्बियोला वाटले, शिक्षा वाढवायला आले.

"नमस्कार, व्याही," दोन हुवेनाल म्हणाले.

एल्बियो मागे सरकला आणि खुर्चीवर आपटला. दहा महिन्यांत त्या माणसाने त्याच्याकडे पाहिले नव्हते.

"बसा... म्हणजे मी बसलोय, तुम्हीही बसा."

दोन हुवेनाल बसले. बरणी टेबलावर ठेवली. ती उगाचच थोडी डावीकडे सरकवली. "खोडं पाहिलीत ना आमच्याकडची? तुमच्या त्याच्यावर गेलीत सगळी. मी चाळीस वर्षं जनावरं पाहिलीत, मला रक्त कळतं." त्यांनी बरणी पुन्हा उजवीकडे सरकवली. "तर म्हटलं, यंदा माझ्या धाकटीसाठी... तुमच्याकडे एखादा नर असेल तर?"

"नर?" एल्बियोने दोन्ही हात वर केले. "अहो, शपथ घेतो, एकही नाही! दोन होते, दोन्ही उपटले. स्वतः जाळले!"

"जाळलेत?" दोन हुवेनालचा चेहरा पडला. "असला खानदानी मुलगा, आणि जाळलात?"

"एक आहे," निबिया म्हणाली.

दोघांनी वळून पाहिले. ती दारात उभी राहून हात पुसत होती.

"कुठं?" एल्बियोने विचारले.

"मागच्या शेडमध्ये. खिडक्या बंद. बांधून ठेवलाय, गुडघ्याइतकाच आहे."

"शेडची किल्ली तर नोव्हेंबरात हरवली! मी दोन महिने सुल्माकडून खुरपं मागून आणतोय!"

"हो," निबिया म्हणाली. "ते मी बघत होते."

एल्बियोने तोंड उघडले. त्यात अनेक प्रश्न होते, पण कुठला आधी सोडावा ते ठरेना, म्हणून त्याने ते पुन्हा मिटले आणि मातेच्या चहासाठी पाणी ठेवायला उठला. पाठीमागे दोन हुवेनाल खुर्चीच्या कडेवर सरकून बसल्याचे त्याने ऐकले.

"मग विहीणबाई," ते घाईघाईने म्हणत होते, "पुढच्या वर्षीच्या बियांपुरती एकच फांदी. एकच दिवस. वारा पडल्यावर, पिशवी बांधून. कुणाला काही त्रास नाही. तेवढा द्याल ना?"

"इतक्यात कसं सांगू?" निबिया खुर्ची ओढून समोर बसली. "आधी आम्ही मुलगी बघणार."

दोन हुवेनालनी टोपी हातात घेतली आणि तिची कड सारखी केली.

"उद्या सकाळी या," ते म्हणाले. "सकाळचं ऊन छान पडतं तिच्यावर."